तुळस पाणी घालूनही का वाळते? कुंडीतली हुमणी, चिलटं आणि ‘थायमेट’चा चमचा

शेतातली माती आणि शेणखत गच्चीवर येतं, तेव्हा त्यासोबत आणखी कोण येतं? मातीत लपलेली कीड कशी ओळखायची, कोणती अळी सोडून द्यायची आणि घरात कोणतं औषध अजिबात आणायचं नाही, समजून घ्या.

ऑगस्टचा महिना. पाऊस बरा झालेला, ऊनही मिळतंय. तरी तुळशीची पानं दुपारी मलूल होतात. घरच्यांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो. चार दिवसांनी पानं पिवळी पडतात, आठवड्याने झाड मान टाकतं. शेवटी कोणीतरी खोड धरून ओढतं आणि झाड अलगद हातात येतं. खाली मुळं जवळपास उरलेलीच नसतात. कुंडी पालथी केली की मातीच्या ढेकळातून बोटाच्या पेराएवढी, जाडसर, पांढरी अळी बाहेर पडते. चंद्रकोरीसारखी वळलेली, तपकिरी डोक्याची.

बारामती किंवा इंदापूरमध्ये ज्याच्या घरी ऊस आहे त्याला या अळीचं नाव सांगावं लागत नाही. ती हुमणी. उसाचं बेट पिवळं पडलं, हाताने ओढल्यावर सहज उपटून आलं की शेतकरी आधी मुळाशी हीच अळी शोधतो. गच्चीवरच्या बारा इंची कुंडीत घडतं ते त्याच गोष्टीचं छोटं रूप आहे. फरक इतकाच की शेतातली अळी एका बेटाची मुळं संपली की दुसऱ्याकडे सरकते. कुंडीत तिला दुसरीकडे जायला जागाच नसते, त्यामुळे एक-दोन अळ्याही एक झाड संपवायला पुरतात.

शेतातली हुमणी गच्चीवर कशी पोहोचते?

बहुतेक वेळा पोत्यातून. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात बहुतेकांचं कुणी ना कुणी शेतात आहे. बारामती शहरात फ्लॅट घेतला तरी कुंड्यांसाठी माती गावाकडूनच येते. सोबत गोठ्यामागच्या उकिरड्यावरचं शेणखत येतं, कधी साखर कारखान्याची मळीही. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा भीमा असे कारखाने असलेल्या या भागात मळी खत म्हणून मिळणं अवघड नाही. हे सगळं फुकट आणि सकस असतं. पण अर्धवट कुजलेलं शेणखत हे भुंगेऱ्यांचं अंडी घालण्याचं आवडतं ठिकाण आहे. पोत्यात खत भरताना त्यातली अंडी आणि लहान अळ्या कुणाच्याच नजरेला पडत नाहीत.

हुमणीचं वर्षाचं वेळापत्रक माहीत असलं की पुढचं सोपं जातं. महाराष्ट्रातल्या उसात तिच्या दोन जाती प्रामुख्याने बोलल्या जातात: नदीकाठची आणि माळावरची. माळावरच्या हुमणीचं शास्त्रीय नाव होलोट्रायकिया सेराटा. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मातीत दडून बसलेले तांबूस-तपकिरी भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताना बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. ती पांढरट, बारीक साबुदाण्याएवढी असतात.

अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला कुजलेला पालापाचोळा खाते, मग बारीक मुळ्यांकडे वळते. दोनदा कात टाकून ती तिसऱ्या अवस्थेत येते आणि खरं नुकसान याच अवस्थेत होतं. साधारण ऑगस्टपासून पुढचे काही महिने ती मुळं अक्षरशः फस्त करते. नंतर मातीत खोल जाऊन कोष करते, त्यातून भुंगेरा तयार होतो आणि पुढच्या वळवाची वाट पाहत तिथेच बसून राहतो. वर्षाला एकच पिढी. म्हणून मेमध्ये भरलेली कुंडी जूनमध्ये ठणठणीत दिसते आणि गणपतीच्या सुमारास अचानक कोलमडते. घरातले दोष देतात पाण्याला, नर्सरीला, कधी कुणाच्या नजरेलाही.

मादीने थेट कुंडीत अंडी घालण्याची शक्यताही आहे, विशेषतः कुंड्या अंगणात जमिनीवर असतील, शेजारी कडुनिंब असेल आणि रात्रभर दिवा चालू असेल तर. भुंगेरे दिव्याकडे येतात, म्हणूनच शेतात प्रकाश सापळे लावतात. पहिल्या पावसाच्या आठवड्यात गच्चीवरचा दिवा संध्याकाळी सात ते नऊ बंद ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रत्येक पांढरी अळी हुमणीच असते का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. शेणखतात आणि घरच्या कंपोस्टमध्ये सापडणाऱ्या अनेक गुबगुबीत पांढऱ्या अळ्या मुळांना हातही लावत नाहीत. त्या कुजलेला काडीकचरा खातात आणि त्यांच्या विष्ठेतून झाडाला खतच मिळतं. फुलांवर दिसणाऱ्या भुंग्यांच्या एका गटाच्या अळ्या अशाच असतात. दिसायला त्या हुमणीच्या सख्ख्या बहिणी.

फरक ओळखायला भिंग लागत नाही. अळी गुळगुळीत फरशीवर किंवा ताटात ठेवा आणि एक मिनिट थांबा. ती पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरपटत निघाली तर ती कचरा खाणाऱ्या फुलभुंग्याची अळी. हुमणी असं चालत नाही. ती कुशीवर वळलेलीच राहते, पाय हलवत धडपडते आणि संधी मिळाली की मातीत शिरते. पाठीवर चालण्याची ही सवय जगभर कीटकशास्त्राच्या वर्गात ओळखीची खूण म्हणून शिकवली जाते आणि मुलांना दाखवायलाही ती मजेशीर आहे. अशी अळी कंपोस्टच्या डब्यात परत टाकून द्यावी.

अंगठ्याएवढी जाड, आकाराने फारच मोठी अळी उकिरड्यात सापडली तर ती गेंडा भुंग्याची असण्याची शक्यता असते. तीही कुजलेल्या पदार्थांवर जगते, पण तिचा भुंगा मोठा झाल्यावर नारळाचा कोवळा शेंडा पोखरतो. घराजवळ नारळ असेल तर तिला मोकळं सोडण्यात शहाणपण नाही. ओल्या कचऱ्याच्या डब्यात चपट्या, करड्या-तपकिरी अळ्यांची गर्दी दिसते ती बहुधा काळ्या सैनिक माशीची. ती स्वयंपाकघरातला कचरा झपाट्याने संपवते. झाडाला तिच्यापासून धोका नाही.

मग हुमणी नक्की आहे हे कसं ठरवायचं? अळीसोबत झाडही बघा. मुळं कुरतडलेली, खोड हलवलं की डुगडुगणारं आणि माती ओली असूनही पानं मलूल, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर शंका घ्यायला जागा नाही. मुळं पांढरी, भरगच्च असतील आणि अळी खताच्या थरात बसलेली असेल तर झाड दुसऱ्याच कारणाने आजारी आहे.

कुंडीभोवती उडणारी काळी चिलटं

हुमणी क्वचित येते, चिलटं मात्र घरोघरी असतात. पाणी घालताच मातीवरून उठणाऱ्या, डासापेक्षा लहान, काळपट, सुस्त उडणाऱ्या माश्या दिसतात. केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाश्यांहून या वेगळ्या. त्या फळाकडे जात नाहीत, ओल्या मातीपाशीच घुटमळतात. पोएटमध्ये, कोकोपीटमध्ये आणि घरात ठेवलेल्या मनी प्लांटच्या कुंडीत त्या हमखास असतात.

उडणारी माशी झाडाला काही करत नाही. मातीच्या वरच्या थरातली तिची अळी मात्र ओल्या मातीवरची बुरशी खाते आणि संख्या वाढली की कोवळी मुळंही. ही अळी जेमतेम पाच मिलिमीटर, काचेसारखी पारदर्शक, चकचकीत काळ्या डोक्याची. मोठ्या झाडाला ती सहज पेलते, पण नुकतं उगवलेलं मिरचीचं, टोमॅटोचं रोप किंवा मुळं धरत असलेली गुलाबाची काडी तिच्यामुळे जाऊ शकते.

ती आहे की नाही हे बघायला एक जुनी युक्ती आहे. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहायची. अळ्या असतील तर चकतीच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या दिसतात. चकती त्यांच्यासकट टाकून नवी ठेवता येते, म्हणजे ओळख पटते आणि थोडा बंदोबस्तही होतो.

उबदार हवेत चिलटांची एक पिढी साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. आज पिवळा चिकट सापळा लावला, दहा माश्या अडकल्या आणि काम झालं असं होत नाही. मातीत पुढची पिढी तयार असते. उपाय किमान महिनाभर चालू ठेवावा लागतो आणि त्यातला सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे पाणी कमी करणं. मातीचा वरचा दोन ते तीन सेंटिमीटरचा थर पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा पाणी घालायचं नाही. अळी कोरड्यात टिकत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्यायचं.

या भागातल्या काळ्या मातीचा इथे थेट संबंध येतो. काळी माती पाणी धरून ठेवते, कुंडीत घट्ट बसते आणि वरून भेगाळली तरी आत चिकट ओली राहते. निव्वळ काळ्या मातीत भरलेली कुंडी चिलटांसाठी सोयीची आणि मुळांसाठी घुसमटीची असते. त्यात एक तृतीयांश वाळू किंवा भाताचं तूस, तेवढंच चांगलं कुजलेलं खत मिसळलं तर अर्धा प्रश्न औषधाशिवाय सुटतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये चिलटांसाठी ‘बीटीआय’ नावाचे जिवाणू सुचवलेले दिसतात. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. ते खरोखर काम करतात. भारतात त्यांचा वापर मुख्यतः डासांच्या अळ्यांसाठी होतो. मात्र कृषी सेवा केंद्रात ‘बीटी’ मागितलं की बहुधा पानं खाणाऱ्या अळ्यांवरचा दुसरा प्रकार हातात पडतो. चिलटांवर त्याचा उपयोग नाही. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचून घ्यावं.

मुळांवर कापूस दिसतोय?

अडेनियम, निवडुंग, जेड यांची वाढ महिनोन्महिने थांबली, पानं निस्तेज झाली आणि कुंडीच्या छिद्रातून मुंग्यांची ये-जा सुरू असेल तर झाड कुंडीबाहेर काढून मुळं पाहा. मुळांवर आणि मातीच्या कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरा, मेणचट कापूस दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. डाळिंब आणि सीताफळ बागायतदारांना पिठ्या माहीत असतो, पण तो फळावरचा. त्याचे मातीखालचे भाऊबंद मुळातला रस शोषतात. त्यांनी सोडलेला गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून मुंग्या त्यांना राखतात.

बुरशीचे पांढरे धागे किंवा मातीत मिसळलेले परलाइटचे दाणे यांच्याशी त्याची गफलत होते. टाचणीने एक ठिपका उचलून दोन बोटांत दाबा. परलाइट कुरकुरतं, पिठ्या चिरडून ओला डाग पडतो.

याच्या अंगावर मेणाचं आवरण असल्यामुळे वरून ओतलेलं औषध सहसा पोहोचत नाही. झाड काढून सगळी माती झटकायची, नळाच्या धारेखाली मुळं धुवायची, खराब मुळं कापायची आणि दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मातीत लावायचं. ही पद्धत अडेनियम, निवडुंगासारख्या मांसल झाडांसाठी. नाजूक पानांचं झाड सुकवत न ठेवता लगेच लावावं. जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकायची नाही. कुंडी गरम साबणाच्या पाण्याने घासून उन्हात ठेवायची. या झाडाच्या ताटलीतलं पाणी शेजारच्या कुंडीत ओतण्याची सवय असेल तर ती मोडावी लागेल, कारण लहान पिल्लं त्या पाण्यातूनच पसरतात.

मातीवर टुणकन उड्या मारणारे पांढरे सूक्ष्म किडे निरुपद्रवी असतात. गांडुळांबद्दल वेगळं सांगायला नको. वाळवी इंदापूरच्या कोरड्या बाजूला जमिनीवर टेकलेल्या कुंड्यांत शिरते आणि खोडावर मातीचे पापुद्रे चढवते. कुंडी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली आणि वाळलेल्या काड्या, जुनी मुळं काढून टाकली की तिचं येणं बरंच थांबतं.

एक गोष्ट कीटकात मोडत नाही, पण या भागात विसरून चालणार नाही. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची लागण असते. डाळिंबाच्या बागांना हा त्रास आहे आणि डाळिंबाच्या वावरातली माती कुंडीत आणली तर टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या मुळांवर तो लगेच उतरतो. हरभरा, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी मात्र चांगल्या जिवाणूंच्या असतात, त्या पाहून घाबरू नये.

‘थायमेट’चा एक चमचा म्हणजे नेमका किती?

अळी दिसली की घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, ‘जरा थायमेट टाक, जाईल.’ सल्ला मनापासूनचा असतो. एक काळ असा होता की उसात हुमणीला फोरेट १० टक्के दाणेदार, म्हणजेच बोलीतलं थायमेट, सर्रास वापरलं जायचं. शेतघराच्या फडताळात जुन्या पुड्या अजूनही निघतात.

फोरेट आता बेकायदा आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते ‘१ अ’ म्हणजे सर्वाधिक घातक गटात येतं. ते आंतरप्रवाही आहे. मुळांतून शोषलं जातं आणि पानांपर्यंत चढतं. तुळशीचं पान चहात पडतं, कढीपत्ता फोडणीत जातो, पुदिन्याची चटणी होते, तेव्हा मातीत टाकलेलं औषध फक्त मातीत राहत नाही.

आता मापाचा हिशेब करू. बंदी येण्यापूर्वी शेतासाठीची शिफारस साधारण हेक्टरी २५ किलो अशी असायची. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम. बारा इंची कुंडीचं तोंड ३० सेंटिमीटर धरलं तर तिचं क्षेत्रफळ भरतं साधारण ०.०७ चौरस मीटर. शेताच्या मापाने त्या कुंडीच्या वाट्याला येतात ०.१८ ग्रॅम, म्हणजे मोजून काही दाणे. घरात टाकला जातो चहाचा चमचा, सुमारे पाच ग्रॅम. शेतात जेवढं टाकलं जायचं त्याच्या पंचवीस पटींहून अधिक, तेही लहान मूल रांगतं त्या गच्चीवर आणि हातमोज्यांशिवाय.

हाच हिशेब दुकानात मिळणाऱ्या, बंदी नसलेल्या औषधांनाही लागू होतो. एकराचं माप कुंडीत उतरवताना चूक नेहमी जास्तीच्याच बाजूने होते. म्हणून लेबल नसलेली सुटी पुडी घेऊ नये, शेतासाठी आणलेलं उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत भरून घरी ठेवू नये आणि खाण्याच्या झाडांना मातीतून रासायनिक औषध देऊच नये. फडताळात जुनं थायमेट सापडलं तर पाकीट न फोडता, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर कुलपात ठेवावं आणि विल्हेवाटीबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारावं. कालव्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. चुकून पोटात गेलं, किंवा हाताळल्यावर घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं काही दिसलं तर पाकिटासह ताबडतोब दवाखाना गाठावा.

मग करायचं काय?

हुमणीसाठी कुंडीत सर्वात खात्रीचं शस्त्र म्हणजे हात. शेतकऱ्याला एकरभर जमीन उकरता येत नाही, कुंडीवाल्याला मात्र दहा मिनिटांत सगळी माती तपासता येते. जुना पेपर किंवा ताडपत्री अंथरायची, झाड मातीच्या गोळ्यासह बाहेर काढायचं, माती हलक्या हाताने मोकळी करत अळ्या वेचायच्या आणि साबणाच्या किंवा थोडं रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायच्या. मातीत परत फेकायच्या नाहीत. मुळं थोडी शिल्लक असतील तर वरचा पाला निम्म्याने छाटून, नव्या मातीत लावून, आठवडाभर सावलीत ठेवावं. कमी मुळांना कमी पानं पोसावी लागतात. तुळस अशा अवस्थेतून बऱ्याचदा परत फुटते. मुळं शून्य असतील तर हिरव्या शेंड्याची काडी पाण्यात ठेवून नवं रोप करणं जास्त व्यवहार्य.

कुंड्या पन्नास-शंभर असतील, किंवा झाड इतकं मोठं असेल की काढणं शक्य नाही, तर जैविक उपाय कामाला येतात. मेटारायझियम अॅनिसोप्ली ही मातीत राहणारी बुरशी हुमणीच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि मेलेल्या अळीवर हिरवट बीजाणूंचा थर चढतो. बिव्हेरिया बॅसियाना याच पद्धतीने पांढरा थर आणते. दोन्ही जिवंत असल्यामुळे त्यांना ओल हवी, रणरणतं ऊन चालत नाही. संध्याकाळी, ओलसर मातीत, चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून द्यावं आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा. त्यासोबत बुरशीनाशक वापरलं तर पैसे वाया जातात. पाकिटावरची अंतिम तारीख पाहणं इथे औपचारिकता नाही, कारण तारीख उलटलेल्या पाकिटात बरेच बीजाणू मेलेले असतात.

दुसरा पर्याय कीटकभक्षी सूत्रकृमींचा. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे आणि हे वेगळे. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून शास्त्राला नव्याने माहीत झाली, नावातला ‘इंडिका’ तिथून आला. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून अळी शोधत जातात, तिच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. ते जिवाणू साधारण दोन दिवसांत अळी मारतात. मेलेली अळी विटकरी लाल दिसली तर काम त्यांनीच केलं असं समजावं. झाडाच्या मुळांना ते काही करत नाहीत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसातल्या हुमणीसाठी जैविक कीटकनाशकांवर बरंच काम केलं आहे. ऊसपट्ट्यात राहण्याचा कुंडीवाल्यांना असा फायदा आहे की मुंबईच्या बाल्कनीत ज्याचं नाव माहीत नसतं, ते इथे चुलत्याच्या शेतात वापरलेलं असतं.

निंबोळी पेंड कुंडीत मिसळणं चांगलंच. ती अंडी घालणाऱ्या किडीला परावृत्त करते आणि खत म्हणूनही लागू पडते. पण तिसऱ्या अवस्थेतली जाडजूड हुमणी केवळ पेंडीने जाईल ही अपेक्षा ठेवू नये. हळद, दालचिनी, कॉफीचा चोथा यांच्या रील्स भरपूर फिरतात. त्यापेक्षा एक आठवडा माती सुकू देणं जास्त उपयोगी.

बारामतीचं ऊन फुकट आहे

खरी संधी एप्रिल-मेमध्ये असते. पारा चाळिशीवर जातो तेव्हा जुनी माती निर्जंतुक करायला भट्टीची गरज नाही. १९७६ मध्ये इस्राएलमधले शास्त्रज्ञ जाकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी शेतजमिनीवर प्लास्टिक अंथरून सूर्याच्या उष्णतेने मातीतले रोगजंतू मारण्याची पद्धत मांडली. कुंडीच्या मातीला ती आणखी सोपी पडते, कारण माती कमी असते आणि खालूनही तापते.

माती आधी ओलसर करायची, कारण ओल्या मातीत उष्णता आतपर्यंत पोहोचते. गच्चीच्या सिमेंटवर चार-सहा इंचांचा थर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी बंद करायच्या आणि चार आठवडे तसंच सोडायचं. प्लास्टिक काळं नको. काळा कागद ऊन स्वतः शोषून स्वतःच तापतो, पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो आणि आतली उष्णता अडकवून ठेवतो. उन्हात काचा लावून ठेवलेल्या गाडीत बसल्यावर जे होतं तेच इथे अळीचं होतं. तापवलेल्या मातीत चांगले जिवाणूही कमी होतात, म्हणून भरताना त्यात मूठभर गांडूळखत मिसळावं.

शेणखताला याहून सोपी वागणूक चालते. वाळू चाळायच्या चाळणीतून ते चाळायचं आणि दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरायचं. उरलेलं काम साळुंख्या आणि कावळे करतात. नांगरामागे बगळे चालतात त्याच न्यायाने. चांगलं कुजलेलं खत हाताला भुसभुशीत लागतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही. वास येत असेल तर ते अजून उकिरड्यावरच राहू द्यावं.

नर्सरीतून आणलेल्या झाडालाही तोच नियम. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसरातून गाडीत भरून झाडं आणली की ती थेट जुन्या कुंड्यांच्या रांगेत जाऊ नयेत. दोन आठवडे वेगळी ठेवावीत, पिशवी फाडून मुळं पाहावीत, मगच लावावीत.

एवढं करूनही अळी ओळखता आली नाही तर ती झाकणाच्या डब्यात, थोड्या मातीसह, जिवंत ठेवावी. मोबाइलवर तीन फोटो काढावेत: डोक्याचा, पूर्ण अंगाचा आणि शेपटीकडच्या खालच्या बाजूचा. हुमणीच्या जाती शेवटच्या भागावरच्या केसांच्या रचनेवरून वेगळ्या करतात, त्यामुळे तिसरा फोटो सर्वात महत्त्वाचा. डबा आणि फोटो घेऊन बारामतीजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाता येतं. फोनवरून विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन करताना झाड कोणतं, माती कुठून आणली, कुंडी कधी भरली आणि ते झाड घरात खाल्लं जातं का, या चार गोष्टी आधी सांगाव्यात.